चारुदत्तचा खटका

अमेरिकेत टेक्सासमधल्या प्लेनोच्या चारुदत्तला प्लगशिवाय दुसरं काही सुचतच नसे. विजेवर चालणाऱ्या गाडीचा प्लग! २००८ साल होतं. एका कंपनीची गाडी दुसऱ्या कंपनीच्या चार्जरला लागत नव्हती, म्हणून सगळ्यांसाठी एकच प्लग ठरवायला कमिटी बसली होती. चारुदत्तच्या टीमचा नमुना सोमवारी तिच्यापुढे जायचा होता. पास झाला, तर देशभर याचाच प्लग. स्वारी नुसती हवेत होती!

"पोरासोरांनी लावावा, म्हाताऱ्यांनी काढावा," असं तो छातीठोकपणे सांगायचा. रविवारी त्यानं नमुना सॉकेटसकट घरी आणला आणि नागपूरहून आलेल्या आईपुढे, शोभाताईंपुढे ठेवला.

"आई, हा खटका दाब आणि प्लग ओढ. बास!"

शोभाताईंनी अंगठा टेकवला. खटका हलेना.

"अगं, जोर लाव ना! गच्चीभर पापड लाटायचीस तू!"

त्यांनी दोन्ही अंगठे लावले, मग तळहात. चेहरा लालबुंद झाला, खटका मात्र ढिम्म. चारुदत्त खो-खो हसत होता. हसता हसता त्याचं लक्ष आईच्या अंगठ्याकडे गेलं. अंगठा वाकतच नव्हता. बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती.

"आई, हे काय गं?"

"संधिवात रे. जुनाच आहे."

"जुना म्हणजे कधीपासून?"

"तू इकडे आलास ना, त्याच वर्षापासून."

बाप रे! म्हणजे सात वर्षं. दर रविवारी फोन, 'बरी आहेस ना?' आणि वर 'चल, ठेवतो.' आता महिनाभर आई घरात, रोज समोरासमोर जेवण. डोळे होते की भोकं?

"तुला माहीत नव्हतं?" त्याची बायको उल्का थक्कच झाली. "अरे, त्यांच्या ब्लाउजचे हूक रोज मी लावते!"

चारुदत्तनं तडक टीममधल्या ऋषीला फोन लावला. "नमुना उद्या द्यायचा नाही. खटका फार कडक आहे, आईला दाबता येत नाही."

"वेडा आहेस का!" शोभाताई ओरडल्या. "माझा हात बिघडलाय, तुझा प्लग नाही!"

ऋषी आधी भडकला, मग नरमला. "ठीक आहे, मी मीटिंग कॅन्सल करतो," तो म्हणाला. "पण काकूंना औषध कोणतं चालू आहे, यार?"

चारुदत्तनं फोन कानाला तसाच धरून उल्काकडे पाहिलं.