फिकं पाणी

आईला दूध सोसेनासं झालं आणि मी हट्टाला पेटले. तिचा सगळा जीव दूधभातात. डॉक्टर म्हणाले, दुधातली साखर पचवणारं एन्झाइम पोटात कमी पडतंय, दूध बंद. तिने निमूट बंद केलं. सणाला बासुंदी आटवायची, सगळ्यांना आग्रह करकरून वाढायची आणि स्वतः वरणभात कालवून बसायची. मला ते बघवत नसे. राग यायचा, अगदी तिच्या पोटाचासुद्धा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. देवासच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. हेच एन्झाइम एका जातीच्या यीस्टकडून बनवून घेता येतं, ते दुधात मिसळलं की दूध बाधत नाही. पण आमचं यीस्ट देईल तर शपथ! साहेब म्हणाले, "मॅडम, रहने दो. माताजी का दूध छुड़वा दो, बस." म्हटलं, बघतेच कसं देत नाही ते.

यीस्टला खायला लागायचं चक्क्याचं पाणी, कारण दुधातली ती साखर त्यात उतरलेली असते. आई श्रीखंडाच्या ऑर्डरी घ्यायची, त्यामुळे पाणी घरचंच. ती ते उकळून डब्यात भरून ठेवायची, मी सकाळी न्यायचे. यीस्ट फसफसून वाढायचं, एन्झाइमच्या नावाने मात्र बोंब. तापमान बदललं, आंबटपणा बदलला, ढवळायचा वेग बदलला. काही म्हणजे काही फरक पडेना.

एकदा डबा उचलताना पाणी हातावर सांडलं. सहज चाटलं, तर गोड.

"आई, यात काय घातलंयस?"

"साखर. रोजच घालते," ती म्हणाली. "धारला माझ्या माहेरी आल्यागेल्याला नुसतं पाणी देत नाहीत. ते बिचारं माझ्यासाठी राबतंय, त्याला फिकं पाणी कसं पाठवू?"

मी कपाळावर हात मारला. आयती साखर मिळत असताना दुधातली साखर फोडायला यीस्ट एन्झाइम बनवेल कशाला? आधी भडकले, मग हसत सुटले. पाहुणचार त्याच दिवशी बंद केला. यीस्ट वाढायला रेंगाळू लागलं, पण एन्झाइम भरभरून द्यायला लागलं. पेशी फोडून ते वेगळं करण्यात, शुद्ध करण्यात पुढचे कित्येक महिने गेले. तसलं दूध आधी साहेब आणि मी पिऊन पाहिलं, मगच घरी आणलं.

दुपारी आईने दूधभात कालवला. पहिला घास घेऊन माझ्याकडे बघितलं.

"साखर घातलीस?"

"नाही गं. त्यातलीच फुटली, म्हणून गोड लागतंय."

तिने पान चाटूनपुसून स्वच्छ केलं. पोट दुखतंय का, हे विचारायचा मला धीर होईना. उगाच तिच्या मागेपुढे करत राहिले. देवाजवळ दिवा लावून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच तिने विचारलं, "उरलेलं दूध कुठे ठेवलंयस गं?"