सहकार्य लाभले

कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि नकाशाप्रमाणे नसला तर त्यावर लाल रंगाची खूण करायची. समोरचा कामगार कितीही ओळखीचा असो, त्याने कितीही गयावया करो, लाल म्हणजे लाल. माझ्या या स्वभावामुळे मित्र कमी झाले, पण झोप चांगली लागायची.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं, तरी रविवारी पाय कारखान्याच्या वसाहतीकडे, बरखेड्याकडेच वळत. तिथे मराठी मंडळाच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात कोणीही लेख लिहू शकतं हे मला तोवर कळलं होतं आणि मी त्यात पार बुडालो होतो. मंडळाने सांगितलं, चार लोकांना शिकवा. मी लगेच हो म्हटलं. तपासायला माल मिळाल्याशी कारण.

माल मात्र अजब निघाला. हिंदी मुलखातल्या आमच्या या वसाहतीतल्या माणसाला मराठी लिहिण्याची सवय एकाच ठिकाणी लागलेली, ती म्हणजे मंडळाच्या स्मरणिकेत. त्यामुळे गणेशोत्सवावरचा पहिला लेख आला तो 'श्री गजानन प्रसन्न' असं डोक्यावर घेऊन, आणि संपला तो कार्यकारिणीचे आभार मानून. मधे प्रत्येक जण 'अथक परिश्रम' करत होता. मी सांगायचो, ज्ञानकोशात आभार नसतात, कौतुक नसतं, आपल्याला काय वाटतं ते नसतं. दुसऱ्या कोणीतरी आधी छापलेलं असेल तेवढंच लिहायचं आणि कुठे छापलंय ते खाली द्यायचं. लोक मान डोलवायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा आभार मानायचे. हळूहळू येणारे गळत गेले.

टिकल्या त्या बाई. मूळच्या नागपूरच्या, वसाहतीतल्या मराठी शाळेत जन्मभर शिकवलेल्या. आता मुलाकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोलार रोडला राहत आणि दोन मिनीबस बदलून येत. त्यांना सगळे बाईच म्हणत, मीही. त्या मला भाऊ म्हणायच्या. कच्चं लिखाण करून बघण्याच्या पानाला ज्ञानकोशात धूळपाटी म्हणतात, हे कळल्यावर त्या खुदकन हसल्या होत्या. "पहिलीच्या वर्गात बसवलं म्हणा ना मला."

बाईंना एकच लेख लिहायचा होता, त्यांच्या शाळेवर. मुलं कमी होत होत शाळा बंद पडली होती, इमारत पाडायचं ठरलं होतं. "पाडली की संपलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "पोरं कुठं कुठं गेली आहेत. एखाद्याने कधी शोधलं तर कुठंतरी सापडायला पाहिजे."

त्यांनी लेख लिहिला. शाळा कशी सुरू झाली ते त्यात पहिल्यांदाच मला नीट वाचायला मिळालं. दवाखान्यामागे एक रिकामी सायकल शेड होती. कामगारांच्या चार बायकांनी ती झाडून घेतली आणि घरोघर फिरून मुलं गोळा केली. जमिनीवर तेलाचे डाग होते, त्यांच्याभोवती खडूने रेघ मारून मुलांना अंक शिकवले. त्या चौघींत बाई सर्वांत लहान, लग्न होऊन नुकत्याच आलेल्या. पुढे शाळेला मान्यता मिळाली, खोल्या मिळाल्या.

लेख सुरेख होता, आणि त्याला एकही संदर्भ नव्हता. रविवारी मी तोंडदेखलं "बघतो" म्हणालो. मंगळवारी घरी बसून त्यावर 'हा लेख काढून टाकावा' अशी पाटी लावली. ओळखीच्यांना सूट दिली तर आपल्या इतर लेखांवर कोण विश्वास ठेवेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं. पण लाल खूण करताना जुनी मजाही आली, हेही खरं आहे. आठवड्याच्या आत लेख गेला.

पुढच्या रविवारी बाई आल्या, पर्स मांडीवर घेऊन बसल्या. "तुम्हीच काढायला लावलं ना, भाऊ? पाटीखाली तुमचं नाव दिसलं."

"संदर्भ नव्हता, बाई."

"मी स्वतः होते ना तिथं. मग मी काय झूठ बोलते काय?"

मी म्हणालो, प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही, छापलेल्याचा आहे. त्या पर्स घेऊन उठल्या. मला वाटलं, आता या यायच्या नाहीत. पण जाताना त्यांनी विचारलं, "छापलेलं आणलं तर?"

त्यानंतर तीन महिने बाई शहरातल्या एका जुन्या वाचनालयात जाऊन हिंदी वर्तमानपत्रांचे गठ्ठे उलटत होत्या. धुळीने खोकला धरला, मुलगा रागावला, तरी जात होत्या. शेवटी बातमी मिळाली. चार ओळींची. वसाहतीतल्या मराठी शाळेच्या नव्या खोल्यांचं उद्घाटन, आणि ही शाळा अमुक साहेबांनी स्थापन केली, असं.

"साहेब फीत कापायला आले होते फक्त," बाई म्हणाल्या. "तेही उशिरा."

चार ओळींवर स्वतंत्र लेख उभा राहत नव्हता. पण बरखेड्यावर एक लेख आधीपासून होता, त्यात एक वाक्य बसत होतं. मी म्हटलं, स्थापना कोणी केली ते सोडून देऊ. चुकीचं वाटतं ते घेतलंच पाहिजे असा नियम नाही. बाईंनी विचारलं, "आणि आम्ही चौघी?"

"कुठे छापलेलं असेल तर सांगा."

"स्मरणिका चालेल का?" त्यांनी विचारलं. "त्या वर्षीच्या स्मरणिकेत शाळेचा अहवाल होता."

लेखाला पुरेल एवढा तो पुरावा नव्हता, पण शाळा कोणी सुरू केली एवढं सांगायला चालला असता. मंडळाच्या कपाटात जुन्या स्मरणिका दोरीने बांधून ठेवलेल्या होत्या. मीच गाठ सोडली, मीच पान काढलं, आणि मोठ्याने वाचायला लागलो. अहवालाच्या शेवटी ऋणनिर्देश होता. त्यात अकरा जणांची नावं होती, हुद्द्यांसकट. मांडववाल्याचं होतं, माइकवाल्याचंसुद्धा होतं. आणि मग: 'महिला मंडळाच्या भगिनींचे सहकार्य लाभले.'

त्याखाली छापलं होतं, चिटणीस. त्याखाली माझं नाव.

ते वर्ष मी विसरलो होतो. मंडळाचा चिटणीस म्हणून अहवाल मीच लिहिला होता. आता आठवलं, की नावांची यादी लांबली होती आणि छापखान्याने जागा संपल्याचं सांगितलं होतं. काय कापायचं याचा मी फारसा विचारही केला नव्हता. त्या चौघींत माझ्या शेजारच्या क्वार्टरमधली वहिनी होती. तिच्या हातचा चहा पिऊन मी तो अहवाल लिहिला असेन, अशीही शक्यता आहे. मला इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

"जागा कमी होती," मी म्हणालो.

बाईंनी स्मरणिका माझ्या हातातून घेतली, पान पुन्हा एकदा वाचलं आणि मिटून ठेवली. "माइकवाला चांगला माणूस होता," एवढंच त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि एक एक अक्षर शोधत ते वाक्य स्वतः टाइप केलं: वसाहतीत मराठी माध्यमाची एक प्राथमिक शाळा होती. खाली बातमीचा संदर्भ दिला. तो कसा द्यायचा हे त्यांना माझ्याइतकंच चांगलं येत होतं.

शाळा पाडली त्याला आता बराच काळ झाला. मागच्या वर्षी कोणा माजी विद्यार्थ्याने त्या वाक्यापुढे भर घातली. शाळा स्थापन करणाऱ्यांत बाई होत्या, असं लिहिलं, त्यांचं पूर्ण नाव दिलं. संदर्भ नव्हता. मी ते पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा लाल खूण न करता पान बंद केलं. राहू दे म्हटलं.

दोन दिवसांनी पाहतो तर भर गायब. ज्ञानकोशात प्रत्येक पानाचा इतिहास जपलेला असतो, कोणी काय बदललं ते त्यात दिसतं. ती ओळ बाईंनीच काढली होती. कारणाच्या जागी दोन शब्द होते: संदर्भ नाही.

मी फोन केला. म्हटलं, बाई, ते राहू द्यायचं होतं.

"कसं राहू द्यायचं, भाऊ? तुम्हीच तर शिकवलं. आणि माझं एकटीचंच होतं ते. चौघी होतो आम्ही."

मग मी त्यांना म्हणालो की मी आता आठवणी लिहितोय, त्यात संदर्भ लागत नाही, त्यात चौघींची नावं घालतो. त्या म्हणाल्या, "तिघी गेल्या. त्यांना विचारता येत नाही. विचारल्याबिगर कोणाचं नाव छापायचं नाही, आणि माझं एकटीचं तर बिल्कुल नको."

मी बरं म्हणालो. त्यामुळे त्या चौघींबद्दल मी दुसऱ्यांदा लिहिलं, आणि याही वेळी नावं राहिली.