न चाखता

पातेल्यावरचं झाकण निघालं की काकू डाव्या हाताने पदर मागे सारायच्या, वाफेवर वाकायच्या आणि डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायच्या. स्वयंपाकघरातले आम्ही सगळे हातातलं काम थांबवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो. मग डोळे उघडून निकाल यायचा. "मीठ कमी. अर्धी मूठ." नाहीतर, "गूळ कोणी टाकला एवढा? साखरपुडा आहे का कोणाचा?"

चाखणं नाही. बोटाच्या टोकाएवढंही नाही. अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला आमचा दत्ताचा मठ आहे. तिथे रोज दुपारी शे-दीडशे माणसं फुकट जेवतात. कंत्राट संपलेले कामगार, घरात कोणी विचारत नाही असे म्हातारे, पोरं कडेवर घेऊन येणाऱ्या बाया. शिधा लोक देतात आणि राबायला आमच्यासारखे सेवेकरी. स्वयंपाक झाला की आधी दत्ताला नैवेद्य, मग पंगत. देवाच्या आधी जिभेला लागलं की अन्न उष्टं झालं, हा काकूंचा नियम. वीस वर्षं त्यांनी एवढ्या माणसांचं जेवण नुसत्या वासावर रांधलं.

तेही मोरिवलीत! आमच्याकडे वारा कारखान्यांकडून सुटला की डोळ्यांतून पाणी येतं. त्या दर्पातून ही बाई डाळीतलं मीठ हुंगून सांगायची. तावडे नावाचे आमचे एक सेवेकरी, फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा वाद घातला. "काकू, मिठाला वासच नसतो."

"मिठाला नसतो. पण मीठ पडलं की डाळीचा वास खाली बसतो. तुम्हाला नाही कळायचं. घरी बायको तीस वर्षं गप्प बसलीय, तेही तुम्हाला अजून कळलेलं नाही."

तावडे दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि मुकाट्याने कांदे चिरायला बसले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काम असं करतात की नाव ठेवायला जागा नसते, आणि बोलतात असं की त्यांच्या कामाचंही कौतुक करावंसं वाटत नाही. काकूंचं नाव मी सांगत नाही. आमच्यापैकी अर्ध्या लोकांना ते माहीतही नव्हतं.

माझी आणि त्यांची पहिली गाठ मी विसरलेलो नाही. मी एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. निवृत्त झालो त्या आठवड्यात बायकोला घेऊन, तांदळाचं पोतं रिक्षात घालून मठात गेलो. नवा झब्बा घातला होता. पंगतीत दोन-चार ताटांवर भात वाढावा, बायकोने फोटो काढावा, एवढीच इच्छा. काकूंनी पोत्यात हात घातला, मूठभर तांदूळ नाकाशी नेले आणि परत पोत्यात टाकले.

"कोंदट आहेत. घरी हेच खाता?"

"नाही, म्हणजे, दानासाठी म्हणून..."

"म्हणून कोंदट." मग माझ्या झब्ब्याकडे आणि बायकोच्या हातातल्या मोबाइलकडे बघून म्हणाल्या, "वाढायचंय की दिसायचंय?"

पंगतीतली चार माणसं हसली. मला त्या दिवशी त्यांनी मागच्या मोरीवर पातेली घासायला बसवलं. झब्ब्याची वाट लागली. बायको म्हणाली, "परत पाऊल टाकू नका इथे." मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. का गेलो ते मलाही नीट सांगता येत नाही. पण ते हसणारे चार चेहरे मी बरोबर घेऊन गेलो होतो, हे खरं.

उल्हासनगरचे एक सिंधी कापडवाले सेठ मठाला तूरडाळ देतात. एकदा त्यांच्या डाळीचं पोतं काकूंनी हुंगलं आणि सरळ बाहेर काढून ठेवलं. सेठ हात जोडून म्हणाले, "काकू, साईं, इतना गुस्सा क्यों? दान की चीज़ है."

"सेठ, तुमच्या देवघरात जी डाळ जाते ती आणा. इथे पण देवच जेवतो."

सेठ पोतं घेऊन गेले आणि संध्याकाळी दुसरं घेऊन आले. नंतर ते दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, "अपनी काकू की नाक, मशीन है मशीन." आमच्या देखत झालेला अपमान त्या माणसाने मिरवला. माझ्याच्याने ते कधी झालं नाही.

जेवणाऱ्यांनाही काकू सोडायच्या नाहीत. पाय पसरून बसलेल्याला म्हणायच्या, "सासुरवाडीला आलात का?" ताटात टाकलेल्याला उठू द्यायच्या नाहीत. पिऊन आलेल्याला नळाखाली डोकं धरायला लावून मग वाढायच्या. पंगत त्यांच्या सावलीलाही घाबरायची. पण एक होतं. चवीबद्दल कोणी काही बोललं, तर काकू ओरडायच्या नाहीत. ताटाशी खाली बसायच्या. "काय कमी आहे? नीट सांगा." आणि दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त झालेलं असायचं. भुकेल्या माणसाची जीभ खोटं बोलत नाही, असं त्या म्हणायच्या.

सगळ्यात जास्त बोलणी खायची शैला. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून पोळ्या लाटायला येणारी, तिशीची, हसऱ्या तोंडाची बाई. "ही पोळी आहे की श्रीलंकेचा नकाशा?" असं काकूंनी म्हटलं की शैला डोळे पुसत पुढची लाटायची. एकदा मी तिला म्हटलं, "कशाला सहन करतेस?" ती म्हणाली, "काका, माझी आई असती तर तिने पण हेच केलं असतं. टेन्शन नाय घ्यायचं."

मग ती साथ आली. मठ बंद राहिला. काकूंच्या घरी सगळे आजारी पडले, काकूही. पुन्हा चूल पेटली तेव्हा त्या आल्या, पण अंगावरची साडी सैल झाली होती. आवाज तेवढाच होता. आम्हाला वाटलं, निभावलं.

माझ्या लक्षात कधी आलं, तेही सांगतो. एका सकाळी कारखान्यांकडून असा दर्प आला की शैलाने तोंडाला ओढणी बांधली, तावडे खोकत बाहेर पळाले. काकू मात्र पातेल्यापाशी उभ्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ते कशामुळे, हे त्यांना कळत नाहीये. बाकीचे नाकाला हात लावून उभे आहेत हे बघितल्यावर त्यांनी पदर नाकाला लावला. सगळ्यांच्या मागून. मी ते पाहिलं.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागलो. काकू वाफेवर वाकायच्या, डोळे मिटायच्या, सगळं अगदी पूर्वीसारखं. पण निकाल देण्याआधी आता त्यांचे डोळे हळूच शैलाकडे जायचे. आणि शैला, जिला त्या सकाळपासून फाडून खात असायच्या, ती लाटता लाटता मोठ्याने म्हणायची, "काकू, मघाशी दोन मुठी टाकल्या ना तुम्ही?" की काकू म्हणायच्या, "माहितीय. मला शिकवू नकोस." ज्या दिवशी शैला नसायची त्या दिवशी आमटी खारट व्हायची, नाहीतर अळणी.

मठाच्या गुरुजींच्याही ते ध्यानात आलं असावं. ते एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "काकू, नैवेद्यापुरतं आधी वेगळं काढून ठेवा, मग खुशाल चाखा. दोष नाही."

"तुमच्या पोथीत नसेल. माझ्या हाताला लागतो दोष."

एका दुपारी पंगतीतला एक म्हातारा दबकत म्हणाला, "बाई, आज मीठ जरा..." काकू गर्रकन वळल्या. "फुकट गिळताय वर नखरे?" म्हातारा मान खाली घालून पाणी पीत पीत जेवला. हे वाक्य त्या पूर्वी कधीच बोलल्या नसत्या. त्या दिवसापासून पंगतीत चवीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मी एकट्याने त्यांना बाजूला घेऊन सांगू शकलो असतो. "काकू, वास जातो त्या आजारात, खूप जणांचा गेलाय, लाज कसली?" दोन वाक्यं होती. मी दोन वर्षं ती बोललो नाही. लोकांची काळजी म्हणून मी विश्वस्तांच्या कानावर घातलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण सांगतो. मला मजा येत होती. त्या खोटं हुंगत होत्या आणि मला ते ठाऊक होतं, याची मजा.

विश्वस्त म्हणाले, "एवढी वर्षं केलंय त्यांनी. पुराव्याशिवाय कसं बोलायचं?" मी म्हटलं, पुरावा देतो.

आदल्या दिवशी शैला उशिरा, पंगतीच्या वेळेलाच पोचली होती. त्या दिवशीची उरलेली आमटी मी आणि तावड्यांनी झाकून, उन्हाच्या बाजूला ठेवली. सकाळपर्यंत ती फसफसली. वरचा फेस काढून, लहान पातेल्यात ओतून ती गरम केली. शैलाच्या लक्षात आलं तशी ती माझ्या जवळ आली. "काका, नका ना असं करू. मी सांगते त्यांना. मी आज सांगते."

"तू पोळ्या बघ," मी म्हटलं.

गुरुवार होता. विश्वस्तांपैकी दोघे दारात उभे होते, सेठही आले होते. बाहेर पंगत बसली होती. मी पातेल्यावरचं झाकण काढलं. असा भपकारा आला की मीच तोंड बाजूला वळवलं. मी म्हणालो, "काकू, आजची आमटी बघता का जरा?"

त्यांनी पदर मागे सारला. वाकल्या. डोळे मिटले. शैलाकडे बघायला मी जागाच ठेवली नव्हती, मध्ये मी उभा होतो.

"मीठ बरोबर," काकू म्हणाल्या. "आमसूल दोन टाका अजून. वास छान आलाय."

तावडे फिस्सकन हसले. मग मी हसलो. काकूंनी डोळे उघडले. एका विश्वस्ताच्या नाकावर रुमाल होता. सेठ खाली जमिनीकडे बघत होते. काकूंनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, आणि मग जे केलं ते त्या स्वयंपाकघरात कोणीही त्यांना करताना पाहिलेलं नव्हतं. त्यांनी बोट पातेल्यात बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

"आंबलीय," त्या म्हणाल्या. थांबल्या. पुन्हा बोट बुडवलं. जीभ शाबूत होती त्यांची, नुसतं नाक गेलं होतं. चाखलं असतं तर त्या आणखी दहा वर्षं रांधू शकल्या असत्या, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांना ते आधीपासून माहीत असणार.

"कालची आहे ना? मीठ केवढं पडलंय हे. काल असंच वाढलं?"

शेवटी शैला म्हणाली, "हो काकू."

"खाल्लं लोकांनी?"

"खाल्लं."

"कोणी बोललं नाही?"

शैला रडायला लागली. उत्तर मी दिलं. खरं म्हणजे देण्याची काही गरज नव्हती. "तुम्ही ओरडता ना, काकू. घाबरतात लोक."

काकूंनी नळाखाली हात धुतला. कमरेला खोचलेला पदर सोडला. बाहेर पंगतीपाशी गेल्या तशी बसलेल्या माणसांनी झटकन पाय आत घेतले, ताटं सरळ केली. काकूंनी त्या सगळ्यांना हात जोडले. आता काय चुकलं आपलं, अशा नजरेने लोक एकमेकांकडे बघत राहिले. काकू चपला घालून गेल्या.

आता मठात नैवेद्य आधी वेगळा काढतात आणि मग मी आमटी चाखतो. चव बरी असते. लोक मला काका म्हणतात, हसून बोलतात, पाय पसरून बसतात. मी वाढताना कोणी फोटो काढला तर अडवत नाही. बायकोने त्यातला एक फ्रेम करून घेतलाय.

चार महिन्यांनी मी बदलापूरला काकूंच्या घरी गेलो. मीही बदलापुरातच राहतो, बेलवलीत, त्या मांजर्लीत तळमजल्यावर, तेव्हा अंतर काहीच नव्हतं. तरी चार महिने लागले. घरात त्या एकट्याच होत्या. मी म्हटलं, "काकू, परत या. चाखून करा. गुरुजींनीच सांगितलंय."

"मला ओरडल्याशिवाय रांधता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि आता कोणत्या तोंडाने ओरडू? बसा, चहा टाकते."

चहा आणला. पहिल्याच घोटाला कळलं, दूध करपलं होतं. काकू समोर बसून माझ्याकडे बघत होत्या.

"कसा झालाय?"

"छान झालाय, काकू."

"खरं सांगा."

मी कपात बघितलं. "करपलाय."

काकू उठल्या, माझ्या हातातला कप घेतला आणि मोरीत ओतला.

"बघा, जमतं की सांगायला," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "दोन वर्षं काय झालं होतं तुमच्या जिभेला?"

दुसरा चहा त्यांनी टाकला नाही. मी चपला घालून निघालो.