कथलाचे पाय

शनिवार, १४ जून २०२५, स्कोफिल्ड्स, सिडनी. सकाळी दाट धुके. लेकीने, मयूराने, घर दोनदा झाडले. दुपारी जावईबापूंचे साहेब चहाला आले. किटली गेली.

यतिनराव, माझे जावई, मूळ निगडीचे. शिकायला सिडनीत आले, वेंटवर्थव्हिलच्या हॉटेलात भांडी घासली, आयटीत लागले, घर घेतले. इथवर मला कौतुकच होते. पण घर झाल्यावर त्यांना खानदान हवेसे वाटू लागले. निगडीचे वडील पुरेनात. मग ऑप शॉपमधून, लोकांनी दान केलेल्या जुन्या सामानातून, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली चार पायांची किटली आली.

बुडावर शेफिल्डच्या हॅथरली नावाच्या कारखानदाराचा शिक्का. यतिनरावांनी त्याचे चरित्र पाठ केले. बटणे घासणारा पोरगा, पुढे स्वतःचा कारखाना, लंडनच्या प्रदर्शनात पदक. येईल त्याला हे ऐकावे लागे. स्वतःच्या पणजोबांचे नाव मात्र त्यांना अजून आठवायचे आहे.

शिक्क्याखाली ई.पी.बी.एम. अशी अक्षरे होती. त्यांचा अर्थ मी शोधला: विजेने चांदी चढवलेला ब्रिटानिया धातू, म्हणजे बहुतेक कथीलच. हॅथरलीचा धंदा कथलाच्या भांड्यांना विजेने चांदीचा पापुद्रा चढवण्याचा. आपल्याकडे पितळेला आतून कथील लावत, खाणाऱ्याच्या पोटासाठी. यांनी कथलाला बाहेरून चांदी लावली, बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. हे यतिनरावांना सांगितले तर म्हणाले, "आई, तुम्हाला आमचं काही आवडतच नाही."

टीम लीड कोण, हे ग्रॅहमसाहेब सोमवारी ठरवणार होते. म्हणून आजचा चहा. आणि साहेबांनी आल्या आल्या मागितला उकळलेला मसाला चहा! उकळायचा तर पातेले हवे, आणि पातेले साहेबांना दाखवायचे कसे? यतिनरावांनी पाणी, दूध, आले, सगळे किटलीत घातले आणि गॅस पेटवला.

"यतिनराव, ती गॅसवर ठेवायची नसते. आमच्या कॉन्व्हेंटात नन्स अशा किटलीत वरून उकळते पाणी ओतत."

"आई, किटली आहे ना ती? मग गॅसवर नाही तर कुठे ठेवणार?"

इंग्रजीत पाणी उकळायची केटल वेगळी, चहा मुरवायचा टीपॉट वेगळा. आपल्याकडे दोन्ही किटलीच. इंग्रजांचे वंशज व्हायला निघालेले जावई ऐन वेळी मराठीत विचार करून बसले.

"डॅड, इट्स मेल्टिंग!" नात अनुष्का ओरडली.

आधी पाय वितळले. मग पदकवाल्या हॅथरलीची किटली साहेबांसमोर गुडघे टेकून ओणवी झाली आणि चहा शेगडीभर पसरला.

"नो वरीज, मेट," साहेब डोळे पुसत हसले. "माझ्या आजीकडे अशीच होती. आम्ही ती दान करून टाकली." मग मगात टीबॅग बुडवून प्यायले आणि हे सोमवारी सगळ्या ऑफिसला सांगणार म्हणाले.

साहेबांची गाडी वळल्यावर यतिनराव खुर्चीत बसले. "आई, आता काय हो होईल?"

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," मी म्हटले. "सोमवारी आधी तोच सांगितला जाईल. टीम लीडच्या जागेचं मागाहून."

मयूरा माझ्यावर रागावली. यतिनराव सुरीने शेगडी खरवडत राहिले.

डावा बर्नर बंद, कथील निघत नाही. चहा उजव्यावर, पातेल्यात.