रूथताईंनी वर केलेला हात

“दोनों किडनियाँ लगभग काम छोड़ चुकी हैं,” नोएडातले डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, सोमवारी ऑफिसला जाऊ ना? पायांच्या सुजेचं खापर मी तोवर नव्या चपलांवर फोडत होते.

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी तो बाहेर टाकते. असायला हवं एकच्या आसपास, माझं नऊच्या वर होतं. मग डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, मशीनमधून रक्त धुऊन घ्यायचं. शेजारच्या खुर्चीतले सरदारजी एका बुधवारी आले नाहीत. कुठे गेले, हे मी विचारलंही नाही.

नवऱ्याला मधुमेह, म्हणजे त्याची किडनी चालणार नव्हती. मुलं लहान. मयूर विहारच्या आमच्या घरी दर शुक्रवारी मराठी ख्रिस्ती कुटुंबांची प्रार्थनासभा असते. गीत झालं की पाळकसाहेब प्रार्थनेचे विषय विचारतात, ज्याला सांगायचं तो हात वर करतो. त्या शुक्रवारी माझ्या थोरल्या नणंदेने, रूथताईंनी हात वर केला. त्या शाळेत शिकवायच्या, एकट्याच राहायच्या.

“माझा ब्लडग्रुप जुळतो. मी देते किडनी,” त्या म्हणाल्या.

सगळे “आमेन” म्हणाले. ताईंच्या मांडीवरचं बायबल थरथरत होतं, ते मला दिसलं. इंजेक्शनलाही घाबरणारी बाई ती! आणि मला काय वाटलं? सुटले. लिहितानाही लाज वाटते. वीस माणसांसमोर वर केलेला हात त्या खाली कसा घेणार, हे कळत असून मी गप्प बसले.

क्रॉसमॅच, म्हणजे त्यांची किडनी माझं शरीर स्वीकारेल का ही तपासणी, ठीक आली. नणंद कायद्याने जवळची नातलग नाही, म्हणून परवानगी समितीसमोर जावं लागलं. तिथेही मी गप्पच.

ऑपरेशन झालं. लघवीची पिशवी भरताना पाहून नवरा आनंदाने रडला. चौथ्या दिवशी ताईंना धाप लागली. पल्मनरी एम्बॉलिझम, म्हणजे पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊन अडकणं. संध्याकाळपर्यंत ताई गेल्या.

महिन्याने मी डॉक्टरांसमोर ओक्साबोक्शी रडले. म्हटलं, मैंने उन्हें फँसाया.

“नहीं,” ते म्हणाले. “मैंने उनसे अकेले में कहा था, मन न हो तो घरवालों को बोल देंगे कि मैच नहीं हुआ। दो दिन सोचकर आईं। बोलीं, डर तो बहुत लगता है, मगर बच्चों को माँ चाहिए।”

त्या अडकल्या होत्या, या समजुतीत मला निदान दोष तरी घेता येत होता. त्या मोकळ्या होत्या, हे मला अजून पेलत नाही. तुम्हाला कुणी असं काही देणार असेल, तर त्या माणसाला एकदा एकांतात विचारा, भीती वाटते का. डॉक्टरांनी विचारलं, मी नाही.

आता सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळ्या घेते. चुकवल्या तर माझं शरीर ताईंची किडनी परकी समजून मारून टाकेल. त्यांना एकदा मरू दिलं, तेवढं पुरे.