होडीचं दावं

ट्रॉलीतून होडी उतरवली, तिच्या अंगावरचा कडबा झटकला आणि माझं डोकं फिरलं. डोलकाठी होती. उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडलेलं का होईना, शीड होतं. डोलकाठीला ताणून धरायच्या तिन्ही तारा होत्या. दोर मात्र एकही नव्हता. शीड वर चढवायचा नव्हता, वारा बघून आवळायचा-सोडायचा नव्हता. दोराशिवाय शिडाची होडी म्हणजे नुसतं तरंगतं डोणगं.

विकणाऱ्याला फोन लावला. लोहाऱ्याकडचे म्हातारे शेतकरी. त्यांच्या मुलानं हौसेनं कोकणातून ही होडी आणली, धरणावर दोन वर्षं चालवली आणि नोकरीला लांब निघून गेला.

"मामा, दोर तुमच्याकडंच राहिले."

"राहिले न्हाईत, गुरुजी. ठिवून घेतले. जनावर इकलं तर दावं कोण देतंय का? दाव्यासंगं घरची लक्ष्मी जाती. घेणाऱ्यानं आपलं दावं आणावं."

"होडी म्हणजे जनावर आहे का?"

"मंग काय हाय? पाण्याला जाती, खुट्याला बांधून ऱ्हाती."

मी फोन ठेवला. शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, पोरांवर कधी हात उगारला नाही. त्या दिवशी मात्र होडीलाच एक लाथ घातली आणि अंगठा सुजवून घेतला.

एवढं चिडायला कारण होतं. माझ्या उजव्या हाताला कंप सुटलाय. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, वर्षभर, फार तर दोन वर्षं, मग या हातानं घट्ट काही धरता येणार नाही. नोकरीची पहिली सहा वर्षं मी मालवणला काढली, तिथं शीड हाकायला शिकलो. ते एकदा, एकट्यानं, पुन्हा करायचं होतं. आणि हे गृहस्थ मला लक्ष्मी शिकवत होते.

बाजारातून नायलॉनचा कासरा आणला. डोलकाठी उभी केली, तारा ताणल्या, शीड चढवलं. गाठी मारायला दोन रविवार गेले, कारण बोटं ऐकत नव्हती. तिसऱ्या रविवारी धरणात उतरलो. वारा भरला, आणि तो बारीक गुळगुळीत कासरा तळवा सोलून हातातून निसटला. शीड फडफडत राहिलं, होडी वाहत जाऊन काठावरच्या बेशरमाच्या झुडपात घुसली. मासे धरणाऱ्यांनी ओढून काढलं. त्यातला एक हसला. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तसाच मामांच्या घरी गेलो. शिडाचा हातात धरायचा माझा दोर गोठ्यात गाईच्या गळ्यात होता. जाड, सुती, वापरून मऊ झालेला. थरथरता हातही तो धरू शकला असता. तासभर भांडलो. पैसे दिलेत म्हणालो, ही फसवणूक आहे म्हणालो, तुमची रीत चुलीत घाला म्हणालो. मामा पायरीवर बसून शांतपणे सुपारी कातरत होते. "रीत हाय, गुरुजी," एवढंच.

त्यांच्या बायकोनं चहा आणला. मी कपबशी उजव्या हातात घेतली आणि ती वाजायला लागली. डावा हात लावला तरी वाजतच राहिली. चहा माझ्या अंगावर सांडला. मामांचा अडकित्ता थांबला. ते माझ्या हाताकडं बघत होते.

मग उठले. गाईच्या गळ्यातला दोर सोडला, धुतला, गुंडाळून माझ्यापुढं ठेवला.

"अवो, दावं देताव?" बायको म्हणाली.

"गप ऱ्हा. न्या गुरुजी."

तासभर हक्कानं मागत होतो तेव्हा रीत आडवी येत होती. हात बघितला आणि रीत संपली. त्या माणसाचा एवढा राग मला होडी उतरवतानाही आला नव्हता. दोर त्यांच्या तोंडावर फेकून निघून यावं, असं फार वाटलं.

फेकला नाही. डाव्या हातानं उचलला आणि आभारही न मानता निघालो.