दांडा तुटलेला कप

आमच्या सासूबाईंना जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध ठाऊक: मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना घासत ओट्यावर बसायचं. घरभर ठसका. बाईंचे दात कधीचेच पडले, पण घासणं काही सुटलं नाही.

माझी मुलगी बारावीत. एकदा दात घासताना तिच्या बोटाला जिभेखाली, खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला, दोन टणक उंचवटे लागले. एक डावीकडे, एक उजवीकडे, शेंगदाण्याएवढे. दुखत नव्हते, हलत नव्हते. ती घाबरून मला दाखवायला आली आणि सासूबाईंनी माझ्याआधी वाकून पाहिलं. आमच्या विसरवाडीत तोंडात गाठ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच रोग येतो, कॅन्सर, आणि तो गुटख्याच्या पुड्या खाणाऱ्यालाच होतो याची खात्री असते. बाईंनी नातीचं दप्तर उलटंपालटं केलं. पुडी सापडली नाही, तेव्हा मोर्चा माझ्याकडे वळला.

"हाई तुन्हा माहेरना रोग शे," त्या म्हणाल्या. "आम्हना घरमा कोनलेच असं नही."

त्या दिवसापासून पोरीचा चहा दांडा तुटलेल्या कपात. तो कप मोरीजवळ वेगळा, ताटही वेगळं. मी भांडले. कप धुऊन मी मांडणीवर ठेवायची, त्या उचलून परत मोरीत ठेवायच्या. नवरा हायवेवरच्या आमच्या दुकानात जाऊन बसायचा. घरात आवाज चढला की त्याला सगळी गिऱ्हाइकं आठवतात. पोरगी मात्र ओठ मिटून हसायला लागली, मग हसेनाशीच झाली. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. रोग असो नसो, माझ्या लेकीला तिच्याच घरात कुणी बाटलेली ठरवलेलं मी खपवून घेणार नव्हते.

एका दुपारी बाजारातून आले तर ती मोरीत ओकत बसलेली. गाठी विरघळतील म्हणून आजीनं तिच्या जिभेखाली मिश्री चोळली होती. पोरीला चक्कर, घाम, तोंडातली कातडी लालभडक. मी डबी उचलली आणि गटारात रिकामी केली. सासूबाईंनी शिव्यांची लाखोली वाहिली. मीही काही कमी दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन नंदुरबारची बस पकडली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बोट फिरवून पाहिलं, एक्स-रे काढला. हाडच जरा जादा वाढलंय, म्हणाल्या. रोग नाही, काही करायचं नाही. बरेचदा हे घराण्यात चालत आलेलं असतं. त्रास झाला तर म्हातारपणी, कवळी बसवताना. खालची कवळी त्या हाडावर टेकते आणि टोचते.

कवळी म्हटल्यावर मी ताठ झाले. सासूबाईंची खालची कवळी कित्येक वर्षं कोनाड्यातल्या वाटीत पडून आहे. टोचते म्हणून. ती करून देणाऱ्याला त्या अजूनही चोर म्हणतात.

घरी येताच मी त्यांना डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकवलं आणि तोंड उघडायला सांगितलं. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. तेव्हा पोरगी मोबाइलची बॅटरी लावून त्यांच्यासमोर बसली. "आजी, मन्हासाठे उघाड." उघडलं. जिभेखाली दोन्ही अंगांना तेच उंचवटे, पोरीच्यापेक्षा चांगले मोठे. पोरीनं आजीचंच बोट धरून त्यांवर फिरवलं. मग बाईंनी आपणहून दोन्हीकडे पुन्हा चाचपून पाहिलं. चुकलं, एवढं मात्र म्हणाल्या नाहीत.

मी चहा टाकला. सासूबाईंचा चहा दांडा तुटलेल्या कपात ओतून त्यांच्यापुढे आदळला. त्या कपाकडे बघत राहिल्या, हात पुढे होईना. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात पोरीनं तो कप उचलला, अर्धा चहा स्वतः प्यायली आणि उरलेला आजीच्या हातात दिला.

"पी, आजी," ती म्हणाली. "आपलं एकच शे."

सासूबाई प्यायल्या. पोरगी कितीतरी दिवसांनी दात दाखवून हसली. तिनं आजीला माफ केलं. मी अजून केलेलं नाही.